रत्नमालाबाईंनी बंद केलेली बासष्ट बटणं

...तर सर्जेराव पेटीला हात घालणार, तेवढ्यात रत्नमालाबाईंनी पेटीवर आपला हात ठेवला, इथवर काल आलो होतो आपण. मग चहा आला आणि गोष्ट तिथंच राहिली. आता पुढं ऐका. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जावं लागेल, बाकीच्यांनी तेवढी सुपारी कातरून घ्यावी.

साल सत्याऐंशी. पावसानं ओळीनं तिसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. सिल्लोडच्या टेलिफोन एक्स्चेंजात रत्नमालाबाई ऑपरेटर होत्या. वय एकोणतीस. समोर भोकाभोकांचा बोर्ड, कानाला हेडफोन, हातात जोडायच्या दोऱ्या. त्या काळी परगावी फोन लावायचा म्हणजे ट्रंक कॉल. नंबर सांगायचा आणि वाट बघत बसायचं. लाइन मिळाली की बाई दोन्ही टोकं जोडायच्या, "जोडून दिलंय, बोला" म्हणायच्या आणि हेडफोन उतरवून टेबलावर ठेवायच्या. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही हा खात्याचा नियमच होता. पण हेडफोन खट् करून असा ठेवायचा की बोलणाऱ्यालाही कळावं, बाई आता लाइनवर नाहीत, ही बाईंची स्वतःची रीत.

प्रत्येक कॉलची एक चिठ्ठी भरायची असे. तिला तिकीट म्हणायचे. कुणी लावला, कुणाला लावला, किती वाजता, किती मिनिटं. बास, एवढंच. बोलणं काय झालं त्याचं एक अक्षर नाही. दिवसभराची तिकिटं एका लाकडी पेटीत पडायची आणि पेटीला कुलूप.

सर्जेराव कापसाचा व्यापारी. मोठा तालेवार माणूस, मिशीला पीळ, बोलण्यात साखर. समोरच्या गल्लीतला दुसरा व्यापारी कुणाला कापूस विकतोय हे काही केल्या त्याला कळेना. मग एके दिवशी दुपारी, एक्स्चेंजात बाई एकट्या आहेत असं बघून, तो आत आला.

"बाई, कुणाचं बोलणं सांगू नका," तो म्हणाला. "ते बेइमानीचं काम, मला कळतं. नुसती चिठ्ठ्यांची चवड बघू द्या. चिठ्ठीत असतंय काय? नंबर आणि टाइम."

"चिठ्ठीतच तर सगळं असतंय, सर्जेराव," बाई म्हणाल्या. "एक माणूस आठ दिवस रोज सकाळी घाटीच्या दवाखान्याला फोन लावतो आणि नवव्या दिवशी लावत नाही. मला त्याचं बोलणं ऐकायची काय गरज? माझ्या डोळ्यांत आधीच पाणी येतं."

सर्जेराव हसला. त्याला वाटलं, बाईला काहीतरी पाहिजे. आणि त्या साली माणसाला काय पाहिजे होतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. "तुम्ही पहाटे उठून त्या लांबच्या विहिरीवर जाता म्हणे. उद्यापासून जाऊ नका. तुमच्या खोलीवर रोज पाण्याचं पिंप येईल. गोडं पाणी." आणि हे म्हणता म्हणता त्यानं पेटीकडं हात नेला.

तिथं बाईंनी पेटीवर हात ठेवला. "पिंप तुमच्याच दारात ऱ्हाऊ द्या. तुमच्या पण चिठ्ठ्या ह्याच पेटीत हायेत, सर्जेराव. त्या बघायला उद्या कुणी आलं, तर हा हात असाच असंल."

सर्जेराव त्या हाताकडं बघत राहिला. मग टोपी नीट केली आणि निघून गेला. गंमत पुढंच आहे. त्या दिवसापासून स्वतःचा नाजूक फोन असला की तो आधी विचारायचा, आज ड्युटीवर कोण आहे? आणि रत्नमालाबाई असल्या तरच नंबर सांगायचा.

हे इमान आलं कुठून, असं कुणी विचारलं की बाई आपल्या वडलांचं नाव सांगत. पुंडलिकराव कन्नड गावाकडचे. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. लिहिता-वाचता येत नव्हतं. एक दिवस त्यांच्या भावाचं मुंबईहून पत्र आलं. कामावरचा एक शिकलेला माणूस सगळ्यांची पत्रं वाचून दाखवायचा, मोठ्यानं, कारण त्यालाही आपलं वाचणं ऐकवायची हौस. भावानं लिहिलं होतं, इकडं येऊ नका, तुम्हाला ठेवायला जागा नाही. शंभर माणसांनी ऐकलं. काहींनी मान खाली घातली, काही हसले. पुंडलिकरावांनी घरी येऊन चौदा वर्षांच्या रत्नमालेला एवढंच सांगितलं, "तू शिक. म्हंजे माझं पत्र माझ्याच कानात वाचशील." पोरगी शिकली, टेलिफोन खात्यात लागली, आणि हजारो लोकांचं बोलणं तिच्या हातून गेलं ते ज्याचं त्याच्याच कानात.

सिल्लोडहून बदली शहरात झाली. बोर्ड गेले, दोऱ्या गेल्या, ट्रंक कॉल गेले. बाई कागदपत्रांच्या टेबलावर आल्या आणि दोन हजार अठरा साली रिटायर झाल्या. तोवर शहर कुठल्या कुठं पसरलं होतं. बीड बायपासच्या पलीकडं, देवळाईच्या अंगाला, जिथं एकेकाळी बाजरी डोलायची तिथं कॉलन्या उभ्या राहिल्या. घरं आधी आली, नळ मागून येणार होते. मागून म्हणजे कधी, ते कुणी सांगितलं नाही. त्यातल्याच तक्षशिला नगरात बाईंनी घर बांधलं. बासष्ट घरांची वस्ती. एकोणिसाच्या उन्हाळ्यात जायकवाडी धरण तळाला गेलं, बोअर आटले, आणि बासष्ट घरं टँकरवर आली.

टँकर आला की आधी काय व्हायचं? ज्याचा नळीवर हात पहिला, त्याचं पाणी. भांडणं, ओढाओढी, एकदा तर कडूबाईंनी आपला हंडा एका धट्ट्याकट्ट्या माणसाच्या पायावर सोडला होता. हातून निसटला असं त्या आजही म्हणतात. कडूबाई म्हणजे बाईंच्या शेजारच्या. वय सत्तरीचं, चार घरची भांडी घासून लेकरं वाढवलेली, आणि तोंडाला धार.

कॉलनीच्या कमिटीचा सेक्रेटरी होता विश्वजित. वाळूजला कंपनीत इंजिनिअर, तिशीचा. त्यानं तोड काढली. 'शेजार' नावाचं एक ॲप आणलं. पुण्याच्या कुठल्याशा नव्या कंपनीचं. त्यात सगळ्या कॉलनीला निरोप देता येई, आणि बटणं होती. टाकी रिकामी झाली की एक बटण. डॉक्टरांचे नंबर हवेत, एक बटण. रुग्णवाहिका, गॅस, बाळाच्या लसी, सगळ्याला बटण. टँकर कुठून कुठं जाईल हे ठरवायला कुणीतरी खमकं माणूस पाहिजे होतं. सगळ्यांनी रत्नमालाबाईंचं नाव घेतलं. बाई खुश. पुन्हा एकदा बोर्डावर बसल्यासारखं झालं. कुणाची टाकी कधी रिकामी झाली ते त्यांच्या फोनवर दिसे, त्या क्रम लावत, टँकरवाल्याला सांगत, आणि आधी आजारी माणसाचं घर, मग लेकुरवाळी, मग बाकीचे असा त्यांचा न्याय होता. भांडणं थांबली.

आता ॲप घालायचं म्हटलं तर निम्म्या बायांना ते जमेना. म्हणून बाई स्वतः घरोघर गेल्या. बासष्ट घरं, बासष्ट फोन. ॲप पहिल्यांदा उघडलं की एक प्रश्न यायचा, "शेजार आणखी चांगला व्हावा म्हणून आम्हाला मदत कराल ना?" खाली मोठं हिरवं 'हो' आणि कोपऱ्यात बारीक 'आत्ता नको'. बाई म्हणायच्या, "मदत मागतोय बिचारा. दारात आलेल्याला नाय कसं म्हणायचं?" आणि आपल्या अंगठ्यानं 'हो' दाबायच्या. बासष्ट वेळा. हे ध्यानात ठेवा.

महिनाभरात फोन यायला लागले.

पहिला आला कडूबाईंना. "आजी, तुमची टाकी फार लवकर संपते ना? बोअर मारून देतो." कडूबाई म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं रं मुडद्या?" तो म्हणाला, यादीत आहे. मग एकाला टाकी साफ करणाऱ्यांचा, एकाला पाणी शुद्ध करायचं मशीन विकणाऱ्याचा. बायका नळीपाशी उभ्या राहून कुजबुजायला लागल्या. कोण कळवतंय ह्यांना?

मग गोष्ट यमुनाबाईंच्या घरावर आली.

यमुनाबाई म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातल्या. यजमान मधुसूदनराव कचेरीतून रिटायर झालेले कारकून, कडक इस्त्रीचे, कुणापुढं वाकायचं नाही असे. त्यांची मूत्रपिंडं बिघडली होती. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त साफ करायला न्यावं लागे. ही गोष्ट त्यांना कुणाला कळू द्यायची नव्हती. कॉलनीत फक्त एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस म्हणजे रत्नमालाबाई, कारण पाणी आधी कुणाला द्यायचं हे ठरवायला ते कळणं भाग होतं. यमुनाबाईंनी हात धरून सांगितलं होतं, "तुमच्यापाशीच राहू द्या." बाई म्हणाल्या होत्या, "पेटीत पडलं समजा."

आणि एका सकाळी मधुसूदनरावांनी स्वतः फोन उचलला, तर पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "सर, घरी आजारी माणूस आहे ना? नर्स पाठवू? भाड्यानं पलंग आहे, ऑक्सिजन आहे." दुपारी दुसरा. संध्याकाळी तिसरा. मधुसूदनराव दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

यमुनाबाई बाईंच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "रत्नमालाबाई, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं." एवढंच. आवाज चढवला नाही. वळल्या आणि गेल्या.

चाळीस वर्षांच्या नोकरीत बाईंवर कुणी बोट दाखवलं नव्हतं. सर्जेरावाचं पिंप ज्या हातानं नाकारलं, तो हात बाई त्या दिवशी किती वेळ बघत बसल्या होत्या. गोष्ट कॉलनीभर झाली. बायकांनी 'टाकी रिकामी'चं बटण दाबणं बंद केलं. दाबायचं कशाला, बाई बाहेर कळवणार. टँकरचा क्रम मोडला आणि नळीवरची ओढाओढ पुन्हा सुरू झाली. कडूबाई मात्र तोंडावर बोलल्या. "बाई, मला काय वाटतं ते सांगू? तुम्ही नाय केलं. पण तुम्ही नाय केलं हे तुम्हीच दाखवून द्या. मी कुणाकुणाशी भांडू?"

आता बाईंनी काय केलं असेल? रडत बसल्या? छे. लाइनवर फॉल्ट आला की ऑपरेटर काय करतो, तेच केलं. लाइन तुकड्या-तुकड्यानं तपासायची. इथून इथवर ठीक, इथून इथवर ठीक, मग कुठं तुटली ते आपोआप सापडतं. बाई मनाशी म्हणाल्या, मी कुणाला सांगितलं नाही. यमुनाबाईंनी सांगितलं नाही. मग आमच्या दोघींच्या मधी कोण आहे? मधी आहे फक्त हा फोन.

त्यांनी कुणाला न सांगता एक प्रयोग केला. असं बटण शोधलं की ज्याचा त्यांना सात जन्मांत उपयोग नाही. 'बाळाच्या लसी'. दोन दिवस, सकाळी अकरा वाजता, पाच-पाच वेळा उघडलं आणि मिटलं. कागदावर वेळ लिहून ठेवली, तिकीट भरल्यासारखी. एक शब्द कुणाशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. "अभिनंदन, मॅडम. बाळ किती महिन्यांचं आहे?"

बाई तेव्हा एकसष्टच्या. त्यांना असं हसू आलं की फोन हातातून पडायचाच राहिला. पण ऑपरेटरचा आवाज. जरा सावरून, एकदम गोड म्हणाल्या, "बाळ छान आहे हो. पण आत्ता निजलंय. असं करा, रविवारी सकाळी अकराला फोन कराल का? तेव्हा बाळाच्या घरचे समदे जमणार आहेत, जे काय सांगायचं ते सगळ्यांनाच सांगा." तो म्हणाला, नक्की मॅडम.

रविवारी अकराला कॉलनीच्या मोकळ्या जागेत कमिटीची बैठक होती. विषय एकच, पाण्याचा क्रम रत्नमालाबाईंकडून काढून घ्यायचा का. लिंबाखाली सतरंज्या टाकलेल्या. यमुनाबाई आल्या होत्या, मागं बसल्या होत्या. विश्वजित उभा राहून घसा साफ करतोय तोच बाईंचा फोन वाजला. बाईंनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा केला आणि सतरंजीवर मधोमध ठेवला.

"नमस्कार मॅडम, बाळाच्या दुधाची पावडर, लंगोट, पाळणा, सगळं घरपोच. बाळाचं नाव काय ठेवलं?"

मग कडूबाई पुढं सरकल्या आणि फोनला म्हणाल्या, "नाव अजून ठरलं नाय, बाबा. पण आईचं वय एकसष्ट हाय आणि बाप आठ वर्षांमागं वारला. पाळणा जरा मजबूत पाठव."

काय हसले लोक. सतरंजीवर आडवे पडले. पलीकडच्या माणसाला कळेना काय झालं. बाईंनी त्याला नरमाईनं विचारलं, "दादा, माझा नंबर तुम्हाला कुठून मिळाला?" तो बिचारा खरं बोलला. "मॅडम, यादी येते आम्हाला. कोणी कोणतं पान किती वेळा उघडलं त्याची. 'शेजार'वाल्यांकडून एका दुसऱ्या कंपनीकडं जाते आणि तिथून आमच्याकडं."

हसणं थांबलं. विश्वजित घाईनं पुढं आला. तो म्हणाला, "पण बाई, ते कुणाचे निरोप वाचत नाहीत. मी नीट विचारलं होतं. ते फक्त कधी उघडलं, किती वेळा उघडलं तेवढंच..."

"तेवढंच," बाई म्हणाल्या. "नंबर आणि टाइम. व्हय ना? एखाद्या बाईनं महिनाभर रुग्णवाहिकेचं पान उघडलं असंल. आठवड्यातून दोनदा, ठरल्या दिवशी. मग तिचे निरोप वाचायची काय गरज पडली?"

यमुनाबाईंनी मान वर केली.

विश्वजितनं तिथल्या तिथं आपल्या फोनमध्ये खोदायला सुरुवात केली. इथं दाब, तिथं दाब, पाच दारं ओलांडून आत गेला, आणि तिथं एक ओळ सापडली. 'सुधारणेसाठी सहकार्य : चालू'. त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं की आपला वापर आमच्या सहकारी कंपन्यांना कळवला जाईल. "हे चालू कसं? मी तर कधी चालू केलं नाही," कुणीतरी म्हणालं. "मी पण नाही." "मी पण."

इथं बाईंना आठवलं. हिरवं 'हो'. आपला अंगठा.

गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. दोष कंपनीवर गेलाच होता, थोडा विश्वजितवर गेला असता. बाईंचं नाव तर धुऊन लख्ख झालं होतं. पण त्या उठून उभ्या राहिल्या.

"ते मी चालू केलंय," त्या म्हणाल्या. "बासष्टच्या बासष्ट. त्यानं मदत मागितली, मी हो म्हणले. तुम्हाला विचारलं नाय. चिठ्ठी कुणाला देऊ नये हे सांगणारी मी, आणि पेटीची किल्ली मीच दिली."

कडूबाई म्हणाल्या, "म्हंजे चोराला दार तुम्हीच उघडलं व्हय?"

"व्हय. मीच."

मग मागून यमुनाबाई उठल्या. सतरंजीवरून चालत पुढं आल्या. आपला फोन बाईंच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "उघडलं तुम्ही, तर लावा पण तुम्हीच. आमच्या घरापासून सुरुवात करा."

बाईंनी पाच दारं ओलांडली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. लगेच पडद्यावर एक रडका चेहरा आला. "खरंच बंद करायचं? तुमच्या सहकार्याशिवाय शेजार उदास होईल." खाली मोठं हिरवं 'राहू द्या'.

"रडू दे त्याला," कडूबाई म्हणाल्या. "आमची टाकी रिकामी असते तेव्हा आम्ही कुणाच्या दारात रडतो का? दाबा."

बाईंनी दाबलं. मग कडूबाईंचा फोन, मग विश्वजितचा, मग रांगच लागली. टँकरच्या रांगेत कधी नव्हती एवढी शिस्तीची. ह्या वेळी मात्र बाई प्रत्येकीला आधी विचारत, "बंद करू का? तुम्ही हो म्हणा, मग करते." कुणी कुणी म्हणायचं, विचारता काय, करा. तरी त्या थांबायच्या. हो आल्याशिवाय बोट हलायचं नाही. जे बैठकीला आले नव्हते त्यांच्या घरी दुपारभर फिरल्या, त्या उन्हात, पदर डोक्यावर घेऊन. दिवस मावळायच्या आत बासष्ट बटणं बंद झाली.

पण गेलेल्या यादीचं काय? ती तर बाजारात फिरतच होती. फोन थोडे कमी झाले, थांबले नाहीत. तेव्हा बाईंनी कागद घेतला आणि कंपनीला पत्र लिहिलं, खात्याच्या भाषेत, ताठ. "आमच्या बासष्ट घरांच्या चिठ्ठ्या आपण ज्यांना दिल्या त्यांच्याकडून परत घेऊन नष्ट कराव्यात आणि नष्ट केल्याचे लेखी कळवावे. आमच्या नावाने संमती शेजारणीने दिली होती, आम्ही नव्हे. सबब ती रद्द समजावी." खाली बासष्ट सह्या. काही अंगठे. क्रांती चौकाकडच्या पोस्टात जाऊन रजिस्टर केलं, पोचपावतीसह. कंपनीचं उत्तर फोनवर निरोप म्हणून आलं, छापील साच्याचं. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "हे तर आन्सरिंग मशीन हाय. माणूस लाइनवर आणायला पाहिजे."

आता माणूस लाइनवर कसा आला, ते ऐकण्यासारखं आहे. टँकर एकट्या तक्षशिला नगरात थोडाच यायचा? देवळाईपासून इथल्याच सातारा गावाच्या डोंगरापर्यंत तोच फिरायचा, आणि जिथं टँकर तिथं बायका उभ्या. कडूबाईंची भांडी घासायची घरं तीन कॉलन्यांत. त्या प्रत्येक रांगेत एकसष्ट वर्षांच्या बाळंतिणीची गोष्ट सांगायच्या, हातवारे करून. बायका हसून हसून बेजार, आणि हसणं ओसरलं की कडूबाई म्हणायच्या, "आता आणा तुमचे फोन हिकडं. पाच दारं उघडायची, रडक्याकडं बघायचं नाय." ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, ती इतरांना बटण बंद करायला शिकवत होती. एक शिकली की तिनं चौघींना शिकवलं. तीन आठवड्यांत एकोणीस कॉलन्या झाल्या. बाईंची बहीण गीताबाई कन्नडला असते, तिनं आठवडी बाजारात जाऊन तिकडं सुरू केलं. रडका चेहरा इतक्या वेळा रडला की पुण्यापर्यंत त्याचा आवाज गेला.

आणि एका सकाळी फोन आला. बाई तेव्हा कडूबाईंच्या ओट्यावर बसल्या होत्या. यमुनाबाईही होत्या, मधुसूदनरावांनी पाठवलेले दाण्याचे लाडू डब्यात घेऊन. डब्यावर त्यांच्या कारकुनी अक्षरात चिठ्ठी होती, 'रत्नमालाबाईंस, सप्रेम'. बाकी एक शब्द नाही. त्यांच्याकडून तेवढं म्हणजे फार झालं.

फोनवर मनस्विनी नावाची मुलगी होती, त्या कंपनीतली, बऱ्यापैकी वरच्या जागेवरची. खरीखुरी, जिवंत. बाईंनी फोन ओट्यावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आजी, तुमचं पत्र माझ्यासमोर आहे," ती म्हणाली. "उशीर झाला, माफ करा. त्या दुसऱ्या कंपनीला माहिती देणं आम्ही बंद केलं. तुमच्याच कॉलनीपुरतं नाही, सगळीकडं. दिलेल्या याद्या पुसायला लावल्या. तसं सही-शिक्क्याचं पत्र आजच पाठवलंय, रजिस्टर्ड."

कडूबाईंनी कपाळाला हात लावला आणि हळूच म्हणाल्या, "आता पाळण्याचं काय करायचं?" यमुनाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. किती महिन्यांनी त्यांना असं हसताना बघितलं म्हणता.

"आणखी एक विचारायचं होतं," मनस्विनी म्हणाली. "यापुढं कुणाची माहिती घ्यायचीच झाली तर आधी विचारायचं असं ठरलंय. पण कसं विचारावं यावर आमच्याकडं आठ दिवस चर्चा चाललीय. तुमच्या पत्रातली भाषा सगळ्यांना आवडली. तुम्हीच एक वाक्य सांगाल का?"

बाईंनी फार विचार केला नाही. एकेक शब्द सुटा करून, समोरची लिहून घेतेय हे धरून, ट्रंक कॉलचा नंबर सांगावा तसं सांगितलं. "लिहा. तुम्ही कोणतं पान, कधी, किती वेळा उघडलं, याची चिठ्ठी आम्ही दुसऱ्या कंपनीला देऊ का? हो आणि नको, दोन्ही अक्षरं सारखी मोठी. आणि खाली लिहा, नको म्हणालात तरी ॲप तसंच चालेल, कुणी रडणार नाही."

पलीकडं थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग मनस्विनी अडखळत म्हणाली, "आजी, पण असं स्पष्ट विचारलं तर कुणीच हो म्हणणार नाही."

त्यावर रत्नमालाबाई जे बोलल्या, ते कडूबाई आजही टँकरच्या रांगेत जसंच्या तसं म्हणून दाखवतात:

"मग तेच त्यांचं उत्तर हाय, पोरी. इतके दिवस तुमच्यापर्यंत येत नव्हतं, म्हणून मी जोडून दिलंय. बोला."